सातापर्यंत

टॉवेलच्या कारखान्यात मी बावीस वर्षं मोजणीला होते. विणून, कापून, शिवून आलेले टॉवेल डझनाडझनानं मोजायचे, गठ्ठा बांधायचा आणि पुढं सरकवायचा. बोलता बोलता, शेजारणीशी भांडता भांडता, कधी तर डोळे मिटूनसुद्धा मी मोजत असे, आणि एवढ्या वर्षांत माझ्या गठ्ठ्यात कधी तेरावा टॉवेल निघाला नाही की अकरावर गाठ बसली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण समोरच्या तिप्पण्णाच्या बायकोनं, शिवलीलानं, मला बोलावलं ते यासाठीच.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली आमची गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या घरात फोडणीला काय पडलं ते आपल्या चुलीपाशी बसून सांगता येतं. आमच्या गॅलरीच्या बरोबर समोर खाली तिप्पण्णाचं घर. दाराशी दगडी कट्टा आणि कट्ट्याला लागून एक लांबट खोली, जिच्यात पूर्वी चार माग चालत. माग गेले आणि तिथं निळ्या जाड गाद्या आल्या. खोलीची मोठी खिडकी गल्लीकडं उघडते. दुपारी आमच्या घराशेजारच्या बोळातून उन्हाची एक पट्टी तिच्यातून आत शिरते. ती गादीच्या कडेवर आली की तीन वाजलेले असतात आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला लागली की चार. मी गॅलरीत उभी राहिले की हे सगळं दिसतं. बघायचं नाही म्हटलं तर दिसणारही नाही, पण मला तसं कधी वाटलेलं नाही.

तिप्पण्णा मूळचा दुधनीचा, लहानपणापासून तालमीत वाढलेला. कुस्ती सुटून दहा वर्षं झाली तरी दारातून आत येताना तो अजून खांदा तिरका करतो. कान दोन्ही मोडलेले, वाळल्या अंजिरासारखे. कापडाच्या एका गोदामावर सकाळपाळीला जायचा आणि दीडच्या सुमाराला घरी यायचा. माणूस गरीब स्वभावाचा, गॅलरीत मी दिसले की मान वर करून विचारणार, "काय अक्का, आज काय नवीन?" जसा काही मी वर्तमानपत्रच. पण दोन वर्षांपासून त्याची झोप गेली होती. त्याच्या कानात शिट्टी वाजत असे. सोलापुरातल्या गिरण्यांचे भोंगे बंद पडून जमाना झाला, याच्या डोक्यात मात्र एक बारीक भोंगा अहोरात्र चालू. डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले, गोळ्या दिल्या आणि शेवटी म्हणाले की सवय करून घ्या. पहाटे मी सडा घालायला खाली उतरले की तो कट्ट्यापुढं येरझाऱ्या घालत असायचा. चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं. त्याच्याकडं बघून मलाच बसवत नसे.

गाद्या आणल्या त्या धाकट्या भावानं, प्रभुनं. तो पुण्याला राहून एक नवाच खेळ शिकून आला होता. त्यात गुद्दा नाही, लाथ नाही, नुसती पकड. हात पिरगळायचा, नाहीतर गळा आवळायचा, आणि सहन होईना झालं की समोरच्यानं हातानं थाप मारायची, मग लगेच सोडायचं. "अक्का, कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपतो," प्रभु मला समजावून सांगायचा, "आमच्यात पाठ टेकल्यावर सुरू होतो." मला ते तेव्हा पटलं नव्हतं. पाठ टेकली म्हणजे हरला, हे आमच्या इथं पोरीबाळींनाही ठाऊक असतं.

चैत्रातल्या एका रविवारी दुपारी दोघे भाऊ त्या गाद्यांवर उतरले. खिडकीशी गल्लीतले पाचसहा जण, वर मी. तिप्पण्णानं बघता बघता प्रभुला उचलला, आडवा केला आणि त्याच्या छातीवर सगळा भार टाकून पडला. झालं, म्हटलं, चितपट. खिडकीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. तिप्पण्णानं जिंकलेला पैलवान बघतो तशी आमच्याकडं मान वळवली आणि हसला. खाली दबलेल्या प्रभुनं हात आणि पाय कसे कोण जाणे त्याच्या मानेभोवती गुंफून घेतले होते. त्या डावाचं इंग्रजी नाव त्यानं मला दोनतीनदा सांगितलं, ते माझ्या जिभेला वळलं नाही; गल्लीत पुढं त्याला उलटा फास म्हणू लागले. उलटा अशासाठी, की तो खालच्यानं वरच्याला लावायचा, आणि वरचा जितका दाबेल तितका तो आपोआप आवळत जायचा.

"अण्णा, थाप मार की," खालून प्रभुचा आवाज आला.

तिप्पण्णाला वाटलं, हरलेला भाऊ चेष्टा करतोय. वर बसलेल्यानं कशाला थाप मारायची? त्यानं आणखी दाबलं. तो हसतच होता, आम्ही सगळे त्याच्याकडं बघत होतो, आणि तरी त्याचे डोळे कधी विझले ते आमच्यापैकी एकालाही कळलं नाही. हसू तसंच राहिलं. मग त्याचा हात गादीवरून घसरून फरशीवर पडला आणि प्रभु घाबरून ओरडत त्याच्याखालून निघाला.

सात अंक मोजून होतील इतका वेळ तो बेशुद्ध होता. शुद्धीवर आला तेव्हा शिवलीला रडत होती, प्रभु त्याचे पाय वर धरून उभा होता, आणि तो छताकडं बघत दोन्ही कानांना हात लावत होता, जसं काही हरवलेलं चाचपतोय.

"गप झालं होतं," तो म्हणाला. "एकदम गप."

त्या दिवशी तो तीनला जो झोपला तो दिवेलागणीला उठला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मग ते रोजचंच झालं. दुपारी जेवण झालं की तिप्पण्णा गादीवर जाऊन बसायचा आणि म्हणायचा, "प्रभु, लाव की." प्रभु कुरकुरायचा, हा खेळ हाय, औषध न्हाय म्हणायचा, आणि भावाचे लाल डोळे बघून लावायचा. नियम मात्र त्यानं कडक ठेवला. तिप्पण्णाचा उजवा हात बाहेर मोकळा सोडायचा; तो हात पडला की शिवलीलानं बाजूला बसून सातापर्यंत मोजायचं आणि "साकु" म्हणायचं, म्हणजे कानडीत पुरे. साकु ऐकलं की प्रभु सोडणार. बाहेरून मोजायला माणूस लागतंच, कारण खाली दबलेल्याला वरच्याचं तोंड दिसत नाही, आणि शुद्ध गेलेल्याचा भार काही कमी होत नाही; तो दाबतच राहतो आणि फास आवळतच राहतो.

तिप्पण्णाचे डोळे निवळले. अंग भरलं. एकदा संध्याकाळी कट्ट्यावर मी त्याला विचारलंच, की बाबा, त्या सात अंकांत तुला होतं तरी काय?

"सात कुठले, अक्का? तितं लई येळ जातो." तो जरा लाजला. "आपलीच गल्ली असती. हाच कट्टा. पर कुणी नसतं. गाडी न्हाय, माग न्हाय, पाखरू न्हाय. मी बसून असतो."

"आणि मी?"

"तुमची गॅलरी रिकामी असती."

"मग ती आपली गल्ली नव्हेच," शिवलीला म्हणाली, आणि आम्ही तिघं पोट धरून हसलो. मला मात्र ते जरा लागलं. माझ्याशिवायची गॅलरी मी त्या रात्री अंथरुणात डोळ्यांपुढं आणून बघितली. आणता आली नाही.

त्यानंतर आठदहा दिवसांनी मी चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. दुपारचे तीन वाजत आले होते, गॅस बारीक, हातात उलथनं. दाणे आत्ता कुठं तडतडायला लागले होते. आणि लगेच आमचे हे आतून ओरडत आले की काय जळतंय. कढईतले दाणे कोळसा झाले होते. स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं, माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि माझा हात उलथनं फिरवतच होता, गोल, सावकाश, जसा फिरवायला पाहिजे तसा. "कुठं होतीस?" ह्यांनी विचारलं. इथंच होते की, मी म्हणाले. वय झालं, उन्हाळा आहे, डोळा लागला असेल, असं आमचं दोघांचं ठरलं. उभ्या उभ्या, हात हलवत, माझा डोळा आयुष्यात कधी लागलेला नाही, हे मी बोलले नाही.

संध्याकाळी तिप्पण्णानं कट्ट्यावरून मान वर केली. "अक्का, आज तुमी होता की तितं."

"कुठं?"

"गॅलरीत. मला बरं वाटलं. म्हटलं, अक्काला बी सापडलं."

"काय करत होते मी?"

"नेहमीगत. बघत होता. हातात उलथनं होतं."

जळलेल्या शेंगदाण्यांचं आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. मी त्याच्याकडं बघून हसले, आत गेले, आणि उलथनं घासून डब्यामागं ठेवून दिलं.

पुढच्याच आठवड्यात प्रभुनं डाव बंद केला. त्या दुपारी साकु म्हटल्यावर त्यानं सोडलं तरी तिप्पण्णा लवकर परतला नाही; सातावर आणखी सात गेले, आणखी सात गेले, आणि आला तेव्हा भावाकडं बघून इतक्या परक्या सौजन्यानं म्हणाला, "आपण कोण?" दोन क्षणांत त्याला सगळं आठवलं, तो स्वतःच हसला, पण प्रभुनं पुन्हा गादीवर पाय ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी तो पुण्याला गेला. जाताना वहिनीला म्हणाला, "गाद्या विकून टाक." गाद्या कुणी विकल्या नाहीत.

शिट्टी परत आली, आणि शिवलीला म्हणते, पहिल्यापेक्षा मोठ्यानं आली. तिप्पण्णा आठ दिवस झोपला नाही. चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं. मग दोन पावलं. मग जागच्या जागी. नवव्या दिवशी शिवलीला माझ्या दारात आली. तिच्या मुठीत गोधडी शिवायची दाभणासारखी मोठी सुई होती.

"हे कानात घालून बघत होते, अक्का," ती म्हणाली. "म्हणत होते, आत काय वाजतंय ते फोडतो."

तिला बसवलं, पाणी दिलं. ती प्यायली नाही. काटकुळी बाई, पंचेचाळीस किलोसुद्धा नसेल, पण त्या दिवशी तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. तिला डाव येत होता. महिनाभर शेजारी बसून बघितलेला, आणि त्याला ताकद लागतच नाही; लागतो तो वरच्याचा भार, आणि तो तिप्पण्णाकडं भरपूर होता.

"मी लावीन. मला मोजायला कुणी न्हाय. तुमची मोजणी चुकत न्हाय."

तेव्हाच मी तिला शेंगदाण्यांचं सांगायला हवं होतं. तोंडावर आलं होतं. पण बावीस वर्षं जिच्या गठ्ठ्यात चूक निघाली नाही त्या बाईनं, माझा मधला वेळ कुठं जातो ते मला ठाऊक नाही, असं कुणाला कसं सांगावं? आणि खरं लिहायचं तर आणखी एक होतं. मला बघायचं होतं. समोर बसून, जवळून.

पहिल्या दिवशी मी गादीच्या कडेला मांडी घालून बसले. तिप्पण्णानं शिवलीलावर अलगद भार टाकला, जसं निजलेल्या मुलावर पांघरूण टाकावं. ती त्याच्याखाली जवळजवळ दिसेनाशी झाली, नुसतं तोंड आणि त्याच्या मानेभोवती तिचे हात. बाहेरून कुणी बघितलं असतं तर धावत येऊन त्यालाच ओढलं असतं. त्याचा उजवा हात फरशीवर पडला.

"लाभ," मी म्हणाले. "दोन. तीन."

शिवलीलाला त्याही स्थितीत हसू आलं. कारखान्यात आणि धान्याच्या मापाला पहिला आकडा एक नसतो, लाभ असतो. माझ्या तोंडाला तीच सवय. "चार. पाच. सहा. सात. साकु." तिनं सोडलं. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडं बघून ओळखीचं हसला, आणि कुशीवर वळून झोपला. आम्ही दोघींनी चहा केला. इतका गोड चहा मी कित्येक दिवसांत प्यायले नव्हते.

असे बारा दिवस गेले. तिप्पण्णा कामाला जायला लागला. मला काही झालं नाही. मी मोजत होते, आणि माझं सगळं लक्ष आकड्यांवर होतं. तेराव्या दिवशी चहा गाळताना शिवलीला सहज म्हणाली, "अक्का, तुमी चारानंतर जरा थांबता."

"मी? छे."

"थांबता की. काल बी थांबला." तिनं कप माझ्यापुढं ठेवला. "थोडंच. राहू दे, त्यांना झोप जास्त लागती."

मी रात्री स्वयंपाकघरात एकटीच मोजून बघितलं. लाभ, दोन, तीन, चार, पाच. भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून बघितलं, वीस वेळा. एकसारखं येत होतं, कापडाच्या काठासारखं. शिवलीला दमते, खाली दबलेलीला एकेक अंक लांबच वाटणार, असं मी स्वतःला सांगितलं आणि झोपायला गेले. झोप आली नाही.

सकाळी गोदामावर निघताना तिप्पण्णा गॅलरीखाली उभा राहिला. "अक्का, एक सांगू? राग नका मानू. तितं तुमी सारख्या उभ्याच असता. पाय दुखत असतील. कट्ट्यावर जागा लई हाय."

"माझी गॅलरी बरी आहे," मी म्हणाले.

"आता गॅलरीत नसता न्हवं," तो म्हणाला. "खाली आलाय. माझ्यापुढंच असता."

दिवसभर मी कामाला काम लावून घेतलं. डबे घासले, पडदे धुतले, धुतलेले परत धुतले. जाऊ नये असं चारदा ठरवलं. पण अडीच वाजता त्याच्या येरझाऱ्या ऐकू यायला लागल्या, आणि डोळ्यांपुढं ती सुई आली. मी पदर खोचून खाली उतरले.

उन्हाची पट्टी नुकतीच गादीच्या कडेवर आली होती. शिवलीलानं केस मागं बांधले, पाठ टेकली. तिप्पण्णानं भार टाकला. तिचे हात त्याच्या मानेभोवती गुंफले गेले, गाठ बसावी तसे. त्याचा श्वास एकदा, दोनदा ऐकू आला. मग हात पडला.

"लाभ," मी म्हणाले. "दोन. तीन. चार."

गल्लीत कुणी नव्हतं. ऊन नव्हतं आणि सावलीही नव्हती, सगळीकडं सारखाच उजेड, धुवून वाळत घातलेल्या कापडासारखा. आमची गॅलरी वर होती, रिकामी, आणि ती रिकामी चांगली दिसत होती. कुठं खुट्ट नव्हतं. कट्ट्यावर तिप्पण्णा बसला होता. त्याचे दोन्ही कान साधे होते, कधी तालमीत न गेलेल्या माणसाचे. तो थोडा सरकला.

"बसा की, अक्का."

मी बसले. दगड गार होता. किती वेळ झाला ते मला सांगता येणार नाही, कारण तिथं माझ्या डोक्यात एकही आकडा नव्हता, आणि आकडा नसलेलं डोकं इतकं हलकं असतं हे मला या वयात कळत होतं. पाय पसरले. मग कुठंतरी काहीतरी करायचं राहून गेलंय असं वाटायला लागलं. दूध तापत ठेवलंय, नाहीतर दार उघडं राहिलंय, असं काहीतरी किरकोळ. मी उठले. वळून बघितलं. तिप्पण्णा उठला नाही. त्यानं माझ्या उठण्यानं रिकाम्या झालेल्या जागेवर हात ठेवला आणि समोर बघत राहिला.

गादीच्या कडेवर ऊन नव्हतं. पट्टी समोरच्या भिंतीवर चढून कॅलेंडरला लागली होती. शिवलीला त्याच्याखालून माझ्या तोंडाकडं बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण तिनं पकड तसूभरही सैल केली नव्हती. ती माझ्या शब्दाची वाट बघत होती.

"पाच," मी म्हणाले.